शेजारची खुर्ची

डेल्विन प्रॉसरने जन्मभर खड्ड्यात काम केलं. कोळशाच्या खाणीत नव्हे; तिथे त्याचा बाप होता, आजा होता. वेल्समधल्या त्या खोऱ्यात दुसरं होतंच काय? बाप म्हणायचा, "माझा पोरगा तरी उजेडात पोट भरील." पोरगा ओबो शिकला, लंडनच्या संगीत विद्यालयातून पदवी घेऊन आला, आणि थेट रंगमंचापुढच्या खड्ड्यात जाऊन बसला. त्या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली होती.

हा खड्डा पहिल्या रांगेच्याही खाली असतो. संगीत नाटकाचा ताफा आठवड्याला एक गाव करत देशभर फिरतो, आणि गावोगावच्या नाट्यगृहांत असले खड्डे असतात. कुठे बरे, कुठे कोंबड्यांच्या खुराड्याएवढे. डेल्विनने मान वर केली की त्याला रंगमंचाची कड दिसायची आणि नटांच्या बुटांची टोकं. एकेका नाटकात वर्षभर वाजवूनही शेवटच्या प्रवेशात वर काय होतं हे त्याला ठाऊक नसायचं. त्याची त्याला खंतही नव्हती. त्याचं सगळं जग म्हणजे समोरची स्वरांची वही, हातातला ओबो आणि शेजारची खुर्ची.

ओबो ही आपल्या सनईची थंड मुलखात दिलेली बहीण. तीच दोन पात्यांची पत्ती, तेच ओठांचे हाल, आणि तोच काळजाला हात घालणारा आवाज. पत्ती बाजारात मिळते, पण खरा ओबोवाला आपली पत्ती आपण तासतो, दोऱ्याने आपण बांधतो, आणि दहातल्या आठ फेकून देतो. डेल्विनच्या बायकोने अशा फेकलेल्या पत्त्यांना कंटाळूनच घर सोडलं असं नेव म्हणायचा. डेल्विन हसायचा, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

नेव टॅटरसॉल म्हणजे शेजारची खुर्ची. बर्नलीचा माणूस, डेल्विनपेक्षा नऊ वर्षांनी लहान, तोंडाने फाटका, मनाने मोकळा; निदान डेल्विन तसं समजत होता. तो क्लॅरिनेट, बासरी आणि सॅक्सोफोन अशी तीन वाद्यं पुढ्यात उभी करून बसायचा. अकरा वर्षं, तीन नाटकं, दोघांच्या खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा. डेल्विनला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून रविवारी एका गावाहून दुसऱ्या गावी तो नेवच्या गाडीतून जायचा. भाड्याची खोली दोघांत मिळून एक. अंडी नेव तळायचा, चहा डेल्विन करायचा.

खड्ड्यात स्वतःचा सूर स्वतःला नीट ऐकू येत नाही. मागे ढोल, बाजूला पितळी वाद्यं, वर फळी. आपण सुरात आहोत की खाली घसरलो हे शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि शेजाऱ्याने खरं सांगावं लागतं. डेल्विनचा कान सगळ्या ताफ्यात नावाजलेला होता. चांगलं म्हणायला तो कंजूष, पण त्याने "बरोबर आहे" म्हटलं की ते बरोबरच असायचं. नेव त्याला अर्धं चेष्टेने, अर्धं मानाने 'मास्तर' म्हणायचा.

सध्याचं नाटक दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचं होतं. दुसऱ्या अंकात तिचा बाप समुद्रात बुडतो. ती दिवा लावून एकटी उभी राहते, गाणं थांबतं, सगळी वाद्यं थांबतात आणि सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, नुसता ओबो वाजतो. बायका पर्समधून रुमाल काढायच्या. टाळ्या नटीला पडायच्या. पण डोळ्यांतलं पाणी खालून डेल्विन उपसायचा. त्या सोळा बारांसाठी तो पुढच्या खेपेलाही याच नाटकात राहणार होता. सप्टेंबरात डब्लिन, मग वर्षभर दौरा. छप्पन्नाव्या वर्षी नवी खुर्ची कोण देतो? ही गेली की संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या सप्टेंबरात, प्लिमथला, नेव म्हणाला होता, "मास्तर, मला ओबो शिकव."

"का रे? तीन वाद्यांनी पोट भरत नाही?"

"हौस रे. म्हातारपणी चर्चमध्ये वाजवीन, तुझं नाव काढीन."

डेल्विनला आनंद झाला, इतका की तो लपवायला त्याला आणखी चार टोमणे मारावे लागले. त्याला मूल नव्हतं, शिष्य नव्हता. आपल्या ओठांत आणि बोटांत जे साठलंय ते आपल्याबरोबरच मातीत जाणार अशी त्याने मनाची तयारी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिकवणी सुरू झाली, आणि मग प्रत्येक गावात, प्रत्येक भाड्याच्या खोलीत, रोज. घरमालकिणी कुरकुरायच्या. एक्झेटरची बाई म्हणाली, "बदक पाळायला माझ्याकडे परवानगी नाही हो." नेवने त्यावरून आठवडाभर बदकासारखं चालून दाखवलं.

पण माणूस मेहनती होता. श्वास कुठे घ्यावा, नुसता घ्यावा नव्हे तर आधी जुना कुठे सोडावा, कारण ओबोत श्वास पुरत नाही म्हणून नव्हे तर उरतो म्हणून माणूस गुदमरतो. हे सगळं डेल्विनने त्याला शिकवलं. पत्ती तासायचा स्वतःचा जुना चाकू दिला. फेब्रुवारीपासून नेव जास्तच जोर करू लागला. सकाळी एक तास, खेळाआधी एक तास. आणि म्हणाला, "ते सोळा बार शिकव ना. त्यासारखं दुसरं काय आहे?"

डेल्विनने ते सोळा बार त्याला असे शिकवले की कुठे काही राखून ठेवलं नाही.

मे महिन्यात ताफा नॉरिचला होता तेव्हा डेल्विनची आई गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती, पण आई ती आई. अंत्यविधी गुरुवारी ठरला आणि गुरुवारी दुपारचा खेळ होता. या धंद्यात सुट्टी मागत नाहीत, बदली आणून बसवतात. तो वादकाने स्वतः शोधायचा, आणि त्याने घाण केली तर नाव खुर्चीवाल्याचं जातं. खड्ड्यात जुनं बोलणं आहे, बदली असा आणावा की तू नसल्याचं कुणाला कळू नये, पण तू परत आल्याचं कळावं. डेल्विनने दोन ओबोवाल्यांना फोन केले. एक स्कॉटलंडात होता, दुसऱ्याच्या दाढेला सूज होती. तिसरा नंबर त्याने दोनदा चुकवला.

नेवने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "कोणाला बोलावू नकोस. मी वाजवतो."

"आणि तुझं कोण वाजवणार?"

"दोन्ही मीच. जिथे दोन्ही एकदम येतात तिथे क्लॅरिनेट सोडून देईन. संचालिकेशी मी बोलतो. तू जा रे, आईला पोचवून ये."

डेल्विन त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. जाताना त्याने आपली सगळ्यात चांगली पत्ती नेवला दिली.

माती झाल्यावर चहाला सगळे नातेवाईक जमले. त्याची बहीण एलुनेड म्हणाली, "तुझं नाटक अडलं असेल ना रे?" तेव्हा तो म्हणाला, "मला असा मित्र आहे की भाऊही करणार नाही." एलुनेडने मनुका घालून तव्यावर भाजलेल्या गोड चकत्यांचा डबा भरून दिला. "त्याला दे हो. म्हणावं, बहिणीने पाठवल्यात." नेवने दोन दिवसांत डबा रिकामा केला आणि बोटं चाटली.

जूनअखेर ताफा सुंदरलँडला आला. हंगामातले शेवटचे दोन आठवडे, दोन्ही इथेच. सोमवारी नाट्यगृहाच्या मागच्या दारापाशी, पत्रांच्या कप्प्यात, डेल्विनच्या नावाचा लिफाफा होता. डब्लिनपासून वाद्यवृंद अकराचा दहा होणार, ओबो आणि क्लॅरिनेट या दोन खुर्च्यांची एक खुर्ची होणार, सबब आपली सेवा या हंगामाबरोबर संपते, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.

त्याने ते दारातच उभ्याने दोनदा वाचलं. मग तो खाली गेला.

व्हेरिटी पाइक पियानोपाशी बसून सँडविच खात होती. ती वाद्यवृंदाची संचालिका. एका हाताने पियानो वाजवायची आणि दुसऱ्याने सगळ्यांना हाकायची. पस्तिशीची, हुशार, घाईत असलेली.

"व्हेरिटी, हे काय?"

"अरे, पत्र आलं का? तोंडीच सांगायचं होतं हो मला. पण नेव म्हणाला, तुम्हाला गाजावाजा नको आहे."

"नेव म्हणाला?"

"हो. आता घरी जाऊन काय करणार? बाग वगैरे?"

"कसली बाग? मला सोडायचंय असं कुणी सांगितलं तुला?"

व्हेरिटीने सँडविच खाली ठेवलं. "नेवनेच. फेब्रुवारीत. एक खुर्ची कमी करायचं निर्मात्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मी नेवला विचारलं, तर तो म्हणाला डेल आता फिरून दमलाय, उन्हाळ्यानंतर सोडायचं म्हणतो. म्हणून तर मला तयार करतोय, असं म्हणाला. तुम्ही त्याला शिकवत होतात ना? सकाळ-संध्याकाळ?"

"शिकवत होतो."

"मग मला दुसरं काय वाटणार? आणि नॉरिचला निर्माते स्वतः ऐकून गेले. दोन्ही भाग त्याने एकट्याने काढले, फार खूश झाले ते."

"नॉरिचला कधी?"

"गुरुवारी. दुपारच्या खेळाला. तोच म्हणाला, त्या दिवशी डेल नाहीये, तोच दिवस बरा."

डेल्विनने पत्राची घडी घालून ती खिशात ठेवली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी आईला माती देत होतो, व्हेरिटी."

तिचा चेहरा पडला. ती वाईट बाई नव्हती. पण वाईट नसलेली माणसंही सही झालेले कागद फाडत नाहीत. "मला माहीत नव्हतं हो. घरचं काम आहे एवढंच तो बोलला. पण आता करार झालेत. आणि खरं सांगते, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी एक जण जाणारच होता. दोन्ही वाजवणारा जो, तो राहणार."

वादकांच्या संघटनेला त्याने फोन केला. तिथल्या बाईने पत्र वाचून घेतलं, नोटीस नियमाला धरून आहे म्हणाली, आणि फार वाईट वाटलं असंही म्हणाली.

खोलीवर नेव अंडी तळत होता.

"बस. पाव संपलाय, बिस्किटं चालतील?"

"व्हेरिटी भेटली."

नेवने गॅस बारीक केला. वळला मात्र नाही. "एक खुर्ची जाणारच होती, डेल. तुझी नाहीतर माझी. आणि क्लॅरिनेटवाले पैशाला पासरी मिळतात. ओबोवाल्याला कोण काढतो? मलाच काढणार होते. फेब्रुवारीत तिने विचारलं, तुला ओबो कितपत येतो. मी म्हटलं, मेपर्यंत येईल."

"माझ्याकडून शिकून."

"सप्टेंबरात खरंच हौस होती. देवाशपथ."

"आणि फेब्रुवारीनंतर?"

नेवने उलथन्याने अंडं उगाच इकडून तिकडे सरकवलं. "फेब्रुवारीनंतर नव्हती."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर शिकवलं असतंस?"

शिकवलं असतं म्हणावं तर ते खोटं ठरलं असतं. नसतं शिकवलं म्हणावं तर नेवचंच खरं झालं असतं. केसाने गळा कापणारा माणूस वर हिशेबही बरोबर मांडून दाखवतो, याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

"मी दमलोय, मला सोडायचंय, हे तिला सांगताना जीभ झडली नाही तुझी?"

"काहीतरी सांगावंच लागलं. नाहीतर तिने तुलाच विचारलं असतं."

"आणि माझ्या आईचा दिवस?"

"तू नव्हतासच ना रे त्या दिवशी. मी वाजवणारच होतो. मग ऐकायला दोन माणसं येऊन बसली, तर त्यात..." नेवला वाक्य पुरं करता आलं नाही, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. "माझी दोन पोरं आहेत, डेल. तू एकटा आहेस."

"म्हणजे एकट्याचा गळा कापला तर रक्त कमी येतं?"

"तसं नाही म्हणालो मी."

"माझ्या बहिणीने केलेल्या चकत्या खाल्ल्यास. बोटं चाटलीस."

अंडी करपली. डेल्विनने आपली बॅग भरली आणि त्याच रस्त्यावर चार घरं सोडून दुसरी खोली घेतली. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. अकरा वर्षं ऊब लागते म्हणून आपणच जपलेला.

नेवला निदान पोरं होती. माहीत असून न बोललेल्या बाकीच्यांना काय होतं? बुधवारी वृंदात हॉर्न, म्हणजे पितळी शिंग, वाजवणारी मोरॅग समुद्राकाठच्या बाकावर मासा आणि बटाट्याच्या फोडी खात बसली होती. डेल्विन शेजारी बसला तशी ती म्हणाली, "ऐकलं. वाईट झालं बाबा."

"कधी ऐकलंस?"

मोरॅग स्कॉटिश, तिला गुळमुळीत बोलता येत नसे. "ईस्टरला."

"ईस्टरला? आणि बोलली नाहीस?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, डेल. आम्हाला वाटलं, तुझ्या संमतीने चाललंय. रोज सकाळी तूच शिकवतोस, तूच पत्त्या बांधून देतोस, आम्ही काय समजायचं? ट्रंपेटवाला तर म्हणाला, माणूस असावा तर डेल्विनसारखा, आपली खुर्ची आपल्या हाताने देतोय."

डेल्विन हसला. हसू कसं आलं हे त्यालाच कळलं नाही. सगळा ताफा त्याला देवमाणूस समजत होता, आणि तो नुसता बैल होता.

मग उरलेले दहा दिवस त्याने काढले. शेजारची खुर्ची तिथेच होती. गुडघ्याला गुडघा लागतच होता, कारण सुंदरलँडचा खड्डा अरुंद. पण आता सूर कसा आहे हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. दोघंही पुढे बघून वाजवायचे. डेल्विनने त्या दिवसांत ते सोळा बार असे वाजवले की वर नटीचा हुंदका खरा येऊ लागला. तो मनात म्हणायचा, ऐक लेका, हे तुझ्या बापाला येणार नाही.

शेवटच्या शनिवारी दुपारचा खेळ होता. सकाळी व्हेरिटी त्याच्याकडे आली, डोळे चुकवत. डब्लिनला जो ध्वनियंत्रणा सांभाळणार होता तो माणूस आज इथे आला होता. ओबोपुढचा माईक त्याला नेवच्या फुंकरीला जुळवून बघायचा होता. दुपारी फक्त ते सोळा बार नेवने वाजवायचे. रात्रीचा शेवटचा खेळ अर्थातच डेल्विनचा.

"तुम्ही नको म्हणालात तर नको," ती म्हणाली.

"वाजवू दे," डेल्विन म्हणाला.

हे औदार्य नव्हतं, आणि तसं त्याने स्वतःलाही भासवलं नाही. नेव कोसळावा असं त्याला वाटत होतं. हजार माणसं, काळोख, सगळी वाद्यं गप्प आणि एकटा ओबो. शिकवणीच्या खोलीत वाजवणं वेगळं. नॉरिचला निभावलं ते नवखेपणाच्या धुंदीत. इथे त्याची पत्ती अडेल, सूर फाटेल, बदक ओरडेल, आणि ते ऐकायला आपण अगदी शेजारी असू. याच आशेवर तो त्या दिवशी पोटभर जेवला.

दुसरा अंक आला. दिवा लागला, गाणं थांबलं. नेवने क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि आपला जुना, हप्त्याने घेतलेला ओबो उचलला. त्याच्या पुढ्यात नवी वही होती, दोन खुर्च्यांची एक केलेली, कोरी करकरीत, छापखान्याचा वास येणारी. डेल्विनने हात मांडीवर ठेवले. नेवने जुना श्वास सोडला, जिथे सोडायला शिकवलं होतं तिथेच, आणि नवा घेतला.

आणि त्याने वाजवलं. पहिल्या सुरालाच डेल्विनच्या मानेवर काटा आला. ती घाई न करण्याची सवय डेल्विनची होती. चौथ्या बाराशी आवाज किंचित आत ओढून घ्यायचा, जणू पोरीला बापाचं नाव घ्यायचं आहे आणि घेववत नाही, ती जागा डेल्विनने तीन वर्षं घासून शोधून काढली होती. अकराव्या बाराला फुगत जाणारा तो लांब सूर, तोही त्याचाच. पण त्यात आणखी काहीतरी होतं जे डेल्विनने शिकवलं नव्हतं. एक भीती होती, एक क्षमा मागणं होतं, आणि त्यामुळे ते सोळा बार डेल्विनच्या हातून कधी झाले नव्हते इतके सुंदर झाले. डेल्विनला हे कळत होतं. कळू नये म्हणून त्याने दात आवळले. पण त्याचा कान, एकोणतीस वर्षं ज्याच्यावर तो जगला तो कान, फितूर होऊन नेवच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपण शिकवलेलं पोर असं वाजवतंय या आनंदाची एक कळ त्याच्या छातीत उठली. तो आनंद त्याला साऱ्या फसवणुकीहून जास्त झोंबला.

शेवटचा सूर हवेत विरला. वर प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं. आणि मग खड्ड्यात पाय घासल्याचा आवाज सुरू झाला. वादकांचे हात वाद्यांत अडकलेले असतात, म्हणून कुणी फार छान वाजवलं तर बाकीचे बुटांचे तळवे जमिनीवर घासतात. हीच त्यांची टाळी. मोरॅगने घासले, ट्रंपेटने घासले, ढोलवाल्याने घासले. डेल्विनचे पाय जागचे हलले नाहीत.

पुढे वर संवाद होता, खाली छत्तीस बार विश्रांती. फक्त व्हेरिटीचा पियानो हळू चालला होता. नेवच्या कपाळावर घाम होता. त्याने ओबो मांडीवर घेतला, थोडा वाकला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"शेवटचा सूर कसा होता, मास्तर? मला इथे काही ऐकू आलं नाही."

तो चेहरा लबाडाचा नव्हता. ज्याच्या शब्दाशिवाय स्वतःच्या वाजवण्यावर विश्वास बसत नाही अशा शिष्याचा होता. त्याने डेल्विनची खुर्ची घेतली होती, त्याचे सोळा बार घेतले होते, आईच्या मातीचा दिवस घेतला होता. आणि आता त्याला डेल्विनचा खरा शब्दही हवा होता.

सूर बरोबर होता. केसाएवढाही इकडे-तिकडे नव्हता.

"खाली होता," डेल्विन म्हणाला.

नेव दचकला. "खाली? मला वाटलं..."

"आतून तसंच वाटतं. बाहेर खाली ऐकू येतो. थोडा चढव."

"पुष्कळ?"

"थोडा. पण रोज चढव."

नेवने मान हलवली. बिचाऱ्याने कृतज्ञतेने हलवली. वहीच्या कडेला ठेवलेली पेन्सिल घेतली आणि सोळाव्या बाराच्या शेवटच्या सुरावर वर जाणारा एक बाण काढला, मग तो चांगला गडद केला. खड्ड्यात छापील स्वरांवर कुणी डोळे झाकून विसंबत नाही, छापखाना चुकतो. पेन्सिलीवर विसंबतात, कारण पेन्सिलीमागे कुणाचा तरी कान असतो. आता डब्लिनला, बेलफास्टला, वर्षभर रोज रात्री, तो बरोबर सूर हा माणूस मन लावून बिघडवणार होता. एखाद्या रात्री तो आजारी पडला तर त्याचा बदलीही त्या बाणाकडे बघून बिघडवणार होता. वर ती पोर दिव्यापाशी उभी असणार होती आणि हजार लोकांना नेमकं काय टोचलं ते कळणार नव्हतं.

डेल्विनने सुराच्या बाबतीत जन्मात कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. शत्रूलाही नाही. बायकोशी तो खोटं बोलला होता, आईशी बोलला होता, पण सुराशी नाही. तेवढं एक त्याचं स्वतःचं होतं, जे कुणाला घेता आलं नव्हतं, आणि ते आत्ता त्याने आपल्या हाताने देऊन टाकलं होतं.

अजून वेळ होता. नुसतं "खोड ते" म्हणायचं होतं. नेवने का म्हणून विचारलंही नसतं. रबर दोघांच्या मध्ये, वहीच्या कडेलाच पडलं होतं. वीस बार झाले. पंचवीस झाले. नेव नवी वही सारखी करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचं जुनं हसू हळूच परत येऊ बघत होतं, कारण मास्तर त्याच्याशी बोलला होता. तीस झाले. डेल्विन एकेक बार ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. छत्तिसावा संपला, व्हेरिटीने हात वर केला, आणि त्याने ओबो उचलून तोंडाला लावला.